राज्यपुरस्कृत दहशतवाद: सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

आमच्या अभ्यासिकेत दर रविवारी चालू घडामोडींचा तास असतो. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं आणि त्यानंतर या एकाच विषयावरच्या चिठ्ठ्यांनी टेबलाचा खण भरून गेला. विचारणारे सगळ्या तऱ्हेचे होते. राज्यसेवेची तयारी करणारी मुलं होती, होटगी रोडचे एक टॉवेल निर्यातदार होते, आणि रझाकारांच्या गोष्टी आजीच्या तोंडून ऐकलेले दोन निवृत्त शिक्षकही. एकच प्रश्न दहा तोंडांनी आला असेल तिथे तो एकदाच घेतला आहे. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राज्यपुरस्कृत दहशतवाद म्हणजे नेमकं काय? सरकारने स्वतः केलेला अत्याचारही यातच धरायचा का?

नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. एखादं सरकार आपल्या सीमेबाहेर काही साधायचं म्हणून दुसऱ्याच्या हातून दहशत घडवतं, त्या हाताला पैसा, जागा, हत्यार किंवा अभय देतं, तो राज्यपुरस्कृत दहशतवाद. 'दुसऱ्याचा हात' हा यातला कळीचा भाग.

सरकारने आपल्याच जनतेवर केलेली दडपशाही ही वेगळी गोष्ट. मे १९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला, तिरंगा हातात दिसला तरी शिक्षा केली. तो सरकारी जुलूम होता, पण तिथे मध्ये कोणी भाडोत्री नव्हता.

तिसरा प्रकार म्हणजे सरकारच्या पगारी माणसांनी परदेशात जाऊन केलेलं कृत्य. जुलै १९८५मध्ये फ्रान्सच्या गुप्तहेरांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात ग्रीनपीसचं 'रेनबो वॉरियर' जहाज सुरुंग लावून बुडवलं, त्यात एक छायाचित्रकार मेला. आधी कानावर हात, मग दोन महिन्यांत कबुली. हेर पगारपत्रकावरचे असल्यामुळे फ्रान्सला फार काळ नाकारता आलं नाही. दुसऱ्याचा हात वापरायचा तो याच कारणासाठी.

२. 'मदत केली' म्हणजे पैसे दिले, एवढंच ना?

पैसा ही त्यातली एक पायरी. सगळ्यात खालची पायरी डोळेझाक. आपल्या गावात कोण राहतं, काय शिकवतं, चंदा कुठून गोळा करतं हे ठाऊक असून फौजदार तिकडे फिरकत नाही. त्याच्या वर आश्रय: ओसामा बिन लादेन १९९६पर्यंत काही वर्षं सुदानमध्ये उजळ माथ्याने राहत होता. मग पैसा, मग प्रशिक्षण, मग हत्यारं, आणि सगळ्यात वर नाव-गाव-तारीख ठरवून दिलेला हुकूम.

हत्यारांचं उदाहरण आपल्या जवळचंच. १२ मार्च १९९३च्या मुंबई स्फोटांत २५७ माणसं गेली. त्यासाठीचं आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरलं होतं. आरडीएक्स हे लष्करी स्फोटक आहे, ते कुणाच्या परसात शिजत नाही. ते कुठल्या कोठारातून निघालं हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ते उतरवून घेताना आपल्याकडच्या काही सरकारी माणसांनी खिसे गरम करून घेतले, हेही न्यायालयात सिद्ध झालं आहे. ते विसरून चालत नाही.

कोणताही आरोप वाचताना आधी तो कोणत्या पायरीचा आहे ते विचारा. बातमीत सहसा एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं.

३. सरकारं असं करतात तरी का? सरळ युद्ध का करत नाहीत?

युद्ध परवडत नाही म्हणून. फौज हलवायला पैसा लागतो, जगाला कारण द्यावं लागतं, हरलो तर गादी जाते. पाच-पन्नास पोरांना बंदूक देऊन पाठवायला यातलं काही लागत नाही, आणि अंगाशी आलं तर 'आमचा काय संबंध' म्हणता येतं.

हेतू मात्र वेगवेगळे असतात. लिबियाच्या गद्दाफीला ब्रिटनला टोचायचं होतं, म्हणून त्याने ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या आयर्लंडच्या आयआरए या सशस्त्र संघटनेला हत्यारं पुरवली. १९८७मध्ये फ्रान्सने 'एक्सुंड' हे जहाज पकडलं, त्यात शंभर टनांहून अधिक शस्त्रसाठा निघाला. इराणने १९८२नंतर लेबनॉनमध्ये हिजबुल्ला ही सशस्त्र संघटना उभी केली, त्यामागे इस्रायलच्या दाराशी आपली माणसं असावीत हा हिशेब होता. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजेला जेरीस आणायला अमेरिकेने पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआय हिच्यामार्फत मुजाहिदीनांना पैसा आणि क्षेपणास्त्रं दिली. ते काम फत्ते झालं आणि १९८९मध्ये सोव्हिएत फौज परतली. तो धडा रावळपिंडीत, पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयात, नीट वाचला गेला. त्याच वर्षाच्या शेवटी काश्मीर पेटलं, त्यात तीच यंत्रणा आणि तोच अनुभव कामाला आला.

१९९८च्या अणुचाचण्यांनी आणखी एक गोष्ट केली. समोरचा मोठं युद्ध करणार नाही अशी खात्री वाटली की छोट्या खोड्या काढायला धीर येतो. चाचण्यांना वर्ष व्हायच्या आत कारगिल झालं. संसदेवर १३ डिसेंबर २००१ला हल्ला झाला तेव्हा भारताने सीमेवर फौज नेली, कित्येक महिने ठेवली आणि परत आणली.

४. रझाकार हे राज्यपुरस्कृत दहशतवादाचं उदाहरण म्हणता येईल का?

सोलापूरबाहेर हा प्रश्न कोणी विचारेल असं वाटत नाही. इथे मात्र दर महिन्याला येतो, कारण १९४८मध्ये रझाकारांच्या जाचामुळे निझामाच्या हैदराबाद संस्थानातल्या तुळजापूर, नळदुर्ग, उस्मानाबाद भागातून बैलगाड्या भरून माणसं याच शहरात आली.

कासीम रझवी हा लातूरचा वकील. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा तो अध्यक्ष झाला आणि रझाकार ही तिची सशस्त्र शाखा वाढली. निझाम सरकारचं म्हणणं असं की ही लोकांनी स्वतःहून उभारलेली स्वयंसेवक संघटना आहे. दिल्लीने तिच्यावर बंदी घाला म्हणून वारंवार सांगितलं, पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारने घातली नाही. बंदी घालायचा अधिकार आहे, माहिती आहे, तक्रारी समोर आहेत आणि तरीही हात बांधून बसायचं, ही वर प्रश्न २मध्ये सांगितलेली डोळेझाकीची पायरी. शिवाय कराचीहून सिडनी कॉटन नावाचा वैमानिक रात्री विमानाने निझामाला हत्यारं पोचवत होता.

एक अडचण उरते. रझाकारांचा बहुतेक जाच संस्थानातल्याच प्रजेवर होता. सीमेपलीकडच्या गावांवर धाडी पडल्या, पण मुख्य काम आत धाक बसवण्याचं. म्हणून परराष्ट्र धोरणाचं हत्यार यापेक्षा सरकारने पोसलेली खासगी फौज हे वर्णन जास्त बरोबर बसतं. परीक्षेत उदाहरण द्यायचंच असेल तर हा फरक सांगून द्या.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजेची मुख्य तुकडी हैदराबादकडे सोलापूरहूनच निघाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग आणि बोरी नदीवरचा पूल हातात आला, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. निझामाने ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती, पण तिथे चर्चा सुरू होते न होते तोवर शरणागती झाली.

५. मग आपल्या बाजूला निझामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, त्यांचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीचं आम्हाला कौतुक वाटलं. होत्या. संस्थानाच्या चहूबाजूंनी भारताच्या हद्दीत कॅम्प होते, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरही होते. तिथले तरुण हद्द ओलांडून करोडगिरी नाके जाळायचे, चौक्यांवर हल्ले करायचे, रझाकारांशी दोन हात करायचे. निझाम सरकार त्यावर आक्षेप घेत होतंच. मुंबई प्रांताच्या अधिकाऱ्यांना या कॅम्पांची माहिती नव्हती असं म्हणणं धाडसाचं होईल.

म्हणजे आश्रय आणि डोळेझाक या पायऱ्या दोन्ही बाजूंना होत्या. फरक निशाण्यात आहे. नाका, दप्तर, चौकी ही सत्तेची खूण, आणि गावावर धाड घालून माणसं मारणं ही दहशत. हा फरक प्रत्येक कॅम्पने प्रत्येक वेळी पाळला असं आम्ही लिहिणार नाही. व्याख्येचा पुढचा गुंता प्रश्न ६मध्ये.

६. एकाचा दहशतवादी तो दुसऱ्याचा क्रांतिकारक. मग व्याख्येला अर्थ काय?

आपल्या चार हुतात्म्यांना, म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली तेव्हा सरकारी कागदात ते गुन्हेगारच होते. त्याच येरवड्यात २१ नोव्हेंबर २०१२ला कसाबला फाशी झाली, आणि तेव्हा देशाचे गृहमंत्री सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे होते. 'तुरुंग एकच, मग फरक काय?' असं एकाने लिहून पाठवलं. फरक सीएसएमटीच्या फलाटावर आहे. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांवर, ते कोण आहेत हे न पाहता गोळ्या झाडल्या गेल्या. उद्देश कितीही थोर सांगितला तरी नि:शस्त्र माणसाला मुद्दाम निशाणा करणं ही कसोटी बदलत नाही.

जगाला मात्र हे एका वाक्यात मांडता आलेलं नाही. भारताने १९९६मध्ये संयुक्त राष्ट्रांत दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अजून अडलेला आहे. परकीय ताब्याविरुद्ध लढणाऱ्यांना वगळायचं का आणि सरकारी फौजांना यात धरायचं का, या दोन मुद्द्यांवर गाडं पुढे सरकत नाही.

७. पाकिस्तान अमेरिकेच्या यादीत का नाही?

दहशतवाद पोसणाऱ्या देशांची अमेरिकेची ही यादी १९७९च्या अखेरीस सुरू झाली, तेव्हा तीत लिबिया, इराक, दक्षिण येमेन आणि सीरिया होते. २०२५ उजाडलं तेव्हा क्युबा, उत्तर कोरिया, इराण आणि सीरिया. पाकिस्तान कधीच नव्हता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला ताकीद मिळाली, काही काळ नजरेखाली ठेवलं गेलं, आणि तिथेच थांबलं.

कारण ही यादी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आहे, न्यायालयाची नाही. यादीत नाव घातलं की मदत बंद, शस्त्रविक्री बंद, जागतिक बँकेच्या कर्जाला विरोध करावा लागतो. अफगाणिस्तानातल्या फौजेची रसद कराची बंदरातून जात असताना हे कोण करणार? उलट २००४मध्ये पाकिस्तानला 'नाटोबाहेरचा प्रमुख मित्र' असा दर्जा मिळाला. इराकचं उदाहरण आणखी बोलकं आहे: १९८२मध्ये इराणविरुद्ध उपयोगी म्हणून यादीतून काढलं, १९९०मध्ये कुवेतवर चाल केली म्हणून परत घातलं, सद्दाम गेल्यावर २००४मध्ये पुन्हा काढलं. क्युबाची गंमत तर ताजी आहे. १४ जानेवारी २०२५ला बायडन यांनी नाव काढायचं जाहीर केलं आणि २० तारखेला ट्रम्प यांनी ते रद्द केलं. सहा दिवसांत क्युबात काहीही बदललेलं नव्हतं.

८. संयुक्त राष्ट्रांची यादी म्हणजे हीच का?

नाही. सुरक्षा परिषदेच्या १९९९च्या ठराव १२६७खालची यादी माणसांची आणि संघटनांची आहे, देशांची नाही. तीत नाव घालायला समितीच्या पंधराही सदस्यांची संमती लागते. जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव चीनने २००९पासून वारंवार अडवलं, ते शेवटी १ मे २०१९ला, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, आलं. हा तोच इसम, ज्याला १९९९च्या डिसेंबरात कंदाहारला विमानातल्या प्रवाशांच्या बदल्यात आपण सोडलं होतं.

९. भारताची अशी देशांची यादी आहे का?

नाही. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या परिशिष्टांत संघटना आहेत आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर व्यक्तीही आहेत. देश घोषित करण्यासाठी एका खासदाराने राज्यसभेत खासगी विधेयक आणलं होतं, पण सरकारचाच त्याला विरोध होता. ज्याच्याशी शेजार सोडता येत नाही त्याला कायद्याने असा शिक्का मारला की उद्या बोलणी करायची वाटही आपणच बंद केलेली असते.

१०. एफएटीएफची 'ग्रे लिस्ट' म्हणजे काय शिक्षा झाली?

एफएटीएफ ही दहशतवादाच्या आणि काळ्या पैशाच्या वाटांवर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या या यादीत नाव आलं की थेट शिक्षा नाही, बाजारातली पत जाते. तुमच्या बँका दहशतवादाचा पैसा रोखत नाहीत असं जगाला सांगितलं जातं, मग परदेशी बँका प्रत्येक व्यवहाराला दहा कागद मागतात. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ त्या यादीत होता. त्याला एकूण ३४ मुद्द्यांची पूर्तता करावी लागली. आमच्या मते गेल्या पंचवीस वर्षांत सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट हीच. इतकी वर्षं मोकळ्या फिरणाऱ्या, लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक असलेल्या हाफिज सईदला तिथल्या न्यायालयात शिक्षा झाली ती याच काळात.

११. एखादं सरकार मागे आहे हे न्यायालयात सिद्ध कसं करतात?

परीक्षेच्या मुलांनी हे उत्तर दोनदा वाचावं. निकाराग्वाने अमेरिकेवर खटला भरला. आमच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना तुम्ही पोसता, असा आरोप होता. २७ जून १९८६ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एक, त्यांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा अमेरिकेचा स्वतःचा नियमभंग आहे. दोन, काँट्रांनी केलेले खून मात्र अमेरिकेच्या खात्यावर टाकता येणार नाहीत, कारण त्या-त्या कृत्यावर तिचं 'प्रभावी नियंत्रण' होतं हे सिद्ध झालं नाही.

म्हणजे बंदूक दिल्याचा दोष लागतो, गोळीचा लागेलच असं नाही. पुढे १९९९मध्ये युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधिकरणाने तादिच खटल्यात थोडी सैल कसोटी लावली: एकंदर नियंत्रण असलं तरी पुरे. २००७मध्ये बोस्नियाच्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने आपली जुनी कडक कसोटीच कायम ठेवली, पण सर्बियाने वंशसंहार रोखला नाही हा दोष मात्र लावला.

पोसणारी सरकारं याच अंतरात राहतात. ठाऊक सगळ्यांना असतं, शाबीत होत नाही. बाकी निकाराग्वाला जिंकूनही भरपाईचा पैसा मिळाला नाही. अमेरिकेने सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला.

१२. मग २६/११चं नेमकं काय सिद्ध झालं आहे?

१६६ माणसं मारली गेली, हल्लेखोर दहा होते. तुकाराम ओंबळे यांनी स्वतः गोळ्या झेलून कसाबला जिवंत धरला नसता तर 'आमचे नव्हेत' हे वाक्य टिकलं असतं. फेब्रुवारी २००९मध्ये पाकिस्तानच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचं मान्य केलं. लष्कर-ए-तैयबाचा हात अनेक न्यायालयांत शाबीत आहे. आयएसआयच्या अधिकाऱ्यांबद्दल सांगितलं ते हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने, आधी अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०१६मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात. तो माफीचा साक्षीदार आहे, त्यामुळे त्याच्या शब्दाचं वजन त्या मापानेच धरतात. हेडलीचा साथीदार तहव्वुर राणा याला अमेरिकी ज्युरीने २०११मध्ये लष्कर-ए-तैयबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबई कटाच्या आरोपातून सोडलं. एप्रिल २०२५मध्ये तो भारताच्या ताब्यात आला. पाकिस्तान सरकारला जबाबदार ठरवणारा आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल मात्र नाही, आणि त्याचं कारण प्रश्न ११मध्ये आहे.

१३. भारताने कधी असं केलं आहे का? खरं सांगा.

१९७१ची मुक्तिबाहिनी आपणच शिकवून तयार केली आणि ते आपण लपवतही नाही. तिच्यामागे निवडणूक जिंकलेला पक्ष आणि लाखो निर्वासित होते. श्रीलंकेचं प्रकरण इतकं सरळ नाही. १९८३नंतर तमिळ गटांना, एलटीटीईसकट, भारतात प्रशिक्षण मिळालं. १९८७मध्ये शांतिसेना गेली ती त्याच एलटीटीईशी लढली, सुमारे १२०० भारतीय जवान कामी आले, आणि २१ मे १९९१ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. दोर आपल्या हातात आहे असं प्रत्येक पोसणाऱ्याला वाटतं.

कॅनडाने २०२३मध्ये खलिस्तानवादी निज्जरच्या हत्येचा आरोप भारतावर केला, तो भारताने साफ फेटाळला आहे. पाकिस्तानने हेर म्हणून पकडलेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात हेगच्या न्यायालयाने १७ जुलै २०१९ला त्यांना वकिलातीची भेट नाकारल्याबद्दल पाकिस्तानला दोषी धरलं. जाधव हेर होते की नाही हा प्रश्न त्या न्यायालयासमोर नव्हता. दोन्ही बाजूंच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये हे वाक्य हमखास गाळलेलं असतं.

१४. पोसलेला गट पोसणाऱ्यावरच उलटतो हे खरं का?

नेहमी नाही. हिजबुल्ला इराणवर कधी उलटली नाही. पण पाकिस्तानने अफगाण तालिबानला आसरा दिला आणि त्याच मुलखातून तेहरिक-ए-तालिबान निघाली. १६ डिसेंबर २०१४ला पेशावरच्या सैनिकी शाळेत तिने १३०हून अधिक मुलं मारली. त्यानंतरही तिथे 'चांगले तालिबान, वाईट तालिबान' हा भेद पुरता मेला नाही.

१५. दुसऱ्या देशात घुसून तळ उडवणं कायद्यात बसतं का?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क देतं. हल्ला सरकारने नव्हे, टोळीने केला असेल तर काय, यावर जाणकारांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, यजमान देश त्यांना रोखत नसेल किंवा रोखू शकत नसेल तर घुसता येतं. दुसरा म्हणतो, मग कुणीही कुठेही घुसेल. भारताचे शब्द त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहेत. बालाकोटच्या दिवशी, २६ फेब्रुवारी २०१९ला, परराष्ट्र सचिवांनी कारवाईला 'बिगरलष्करी आणि प्रतिबंधक' म्हटलं. पहलगाममध्ये २६ जण मारले गेल्यावर ७ मे २०२५ला नऊ तळांवर मारा झाला, तेव्हा लष्करी ठिकाणांना हात लावलेला नाही हे पहिल्याच निवेदनात होतं. निशाणा टोळी आहे, देश नाही, असं यातून सांगायचं असतं.

१६. मी टॉवेल निर्यात करतो. दुबईचा व्यापारी माल पुढे इराणला पाठवणार म्हणतो. माझ्यावर काही बालंट येईल का?

अमेरिकेची यादी हा भारताचा कायदा नाही, आणि टेरी टॉवेल हे काही शस्त्र नव्हे. अडचण पैशाच्या वाटेची आहे. डॉलरमधला व्यवहार कुठेतरी अमेरिकी बँकेतून जातो, आणि कागदावर इराण दिसला की तो तिथे अडकतो. अमेरिकेच्या इराणवरच्या निर्बंधांत अन्न-औषधांना सवलत आहे, टॉवेलला नाही. म्हणून व्यापाऱ्याने 'कागदावर दुबईच लिहा' म्हटलं तर साफ नाही म्हणा, तेच खरं बालंट. आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागाला ऑर्डर घेण्याआधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. यूको बँकेतून इराणशी रुपयांत व्यवहार २०१२पासून झालेले आहेत, पण ती वाट आज तुमच्या मालाला खुली आहे का हे तीच बँक सांगेल.

१७. हल्ल्यात माणूस गेलेल्या कुटुंबाला दुसऱ्या देशाकडून भरपाई मागता येते का?

अमेरिकेत येते. यादीतल्या देशाचं न्यायालयीन संरक्षण तिथल्या कायद्याने काढून घेतलं आहे. लॉकरबीच्या विमानस्फोटात १९८८मध्ये २७० जण गेले, त्यापोटी लिबियाने २७० कोटी डॉलर कबूल केले. सुदानने ३३.५ कोटी डॉलर भरले तेव्हा कुठे २०२०मध्ये त्याचं नाव यादीतून निघालं. भारतात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६नुसार परदेशी सरकारवर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. सरकारी मदतीचा अर्ज वेगळा असतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, आणि त्याला या परवानगीची गरज नाही.